नाव जीपचे, पोट पिकअपचे

मोटारदुरुस्तीच्या धंद्याचा पाया असा मानला जातो की रस्त्यावर चालणारी गाडी कधी ना कधी बिघडते आणि बिघडली की मालक नाइलाजाने ती मिस्त्रीकडे आणतो. या सर्वमान्य सिद्धान्ताला एक ठळक अपवाद आहे. इंजिनाची ताकद चारही चाकांना पोहोचवता येते अशा, म्हणजे बोलण्यात ज्यांना ‘फोर बाय फोर’ म्हणतात त्या जीप, जिप्सी, थार आणि गुरखा या गाड्यांचा हौशी मालक चांगला डांबरी रस्ता संपेपर्यंत कसाबसा धीर धरतो, तो संपताच गाडी मुद्दाम ओढ्यात, चिखलात किंवा खडकांवर घालतो, तेथे ती अडकली की तिचे सर्व बाजूंनी फोटो काढतो आणि सोमवारी तीच गाडी दुरुस्तीला आणताना त्याच्या चेहऱ्यावर दुःखाचा लवलेशही नसतो. याच गृहस्थाच्या दुसऱ्या गाडीचे चाक शहरातल्या खड्ड्यात आपटले, तर मात्र तो आठवडाभर शासनाचा उद्धार करीत असतो. स्वखुशीने शोधलेला खड्डा आणि शासनाने घरपोच पुरवलेला खड्डा यांत भेद करणाऱ्या या वर्गावर ज्यांचा चरितार्थ चालतो, निदान चालतो असे पाहणाऱ्याला वाटते, त्या जीपच्या मिस्त्रींचा अर्थव्यवहार हा येथील विवेचनाचा विषय आहे.

हा व्यवसाय मुळात हौशीतून जन्मलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९४७ मध्ये सुटे भाग आणवून विलीज जीपची जुळणी येथे सुरू केली. उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी ही जीप विलीजने १९५३ मध्ये बाजारात आणली आणि अमेरिकेत १९६८ मध्ये तिचे उत्पादन थांबले, परंतु त्याच घडणीच्या गाड्या भारतात पुढे कित्येक दशके बनत राहिल्या, कारण आपल्याकडे कोणतीही वस्तू जुनी झाली म्हणून बंद करण्याची घाई सहसा केली जात नाही. लष्कर, वनखाते, पाटबंधारे आणि तहसील कचेऱ्या यांच्या दारात उभी राहून प्रतिष्ठित झालेली ही गाडी पुढे लिलावातून खाजगी हातांत गेली आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ‘वडाप’ तर मराठवाडा-विदर्भात ‘काळी-पिवळी’ म्हणून तिच्या भाईबंदांनी प्रवासी वाहतूक सांभाळली. परवान्यावर लिहिलेली प्रवासीसंख्या ही वडापच्या जीपमध्ये केवळ सुरुवात समजली जात असल्यामुळे मिस्त्रींना मागच्या कमानपाट्यांत, म्हणजे एकावर एक पोलादी पट्ट्या रचून केलेल्या स्प्रिंगमध्ये, एखादा पाटा वाढवून देण्याचे आणि घासून संपलेल्या क्लचप्लेटा बदलण्याचे काम बारमाही मिळत असे. आजच्या जुन्याजाणत्या मिस्त्रींचे शिक्षण याच विद्यापीठात झालेले आहे.

डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली, वाड्यावस्त्यांच्या तोंडापर्यंत डांबर पोहोचू लागले, २००७ मध्ये टाटा मॅजिक ही छोटी प्रवासी गाडी आली आणि वडापच्या जीपचे दिवस हळूहळू फिरले. अर्थशास्त्राच्या सरळ नियमानुसार येथे जीपच्या मिस्त्रीचा धंदा बसायला हवा होता. प्रत्यक्षात झाले ते असे की रस्ता नसल्यामुळे जीप वापरणारा वर्ग जसजसा घटत गेला, तसतसा रस्ता असूनही तो टाळण्यासाठी जीप घेणारा नवा वर्ग उदयास आला. २०१० मध्ये थार आली, २ ऑक्टोबर २०२० रोजी तिची दुसरी पिढी टचस्क्रीन आणि ऑटोमॅटिक गिअरसह विक्रीला निघाली, आणि ज्या चिखलातून गाडी बाहेर काढण्यासाठी पूर्वी ड्रायव्हरला शिव्या बसत त्याच चिखलात गाडी घालण्याचे प्रशिक्षण इगतपुरीजवळ रीतसर शुल्क आकारून दिले जाऊ लागले. गोव्यात तर २०१४ पासून भर पावसाळ्यात यासाठी स्पर्धा भरवली जाते.

या गाडीच्या रचनेत विनोदाची बीजे आधीपासूनच पेरलेली आहेत. साध्या रस्त्यावर जुन्या जीपची फक्त मागची चाके ओढ घेतात. गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला ‘ट्रान्सफर केस’ हा दंतचक्रांचा डबा गरजेनुसार पुढच्या चाकांकडेही ताकद वळवतो. जुन्या जीपमध्ये यासाठी गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन दांडे असतात: एकाने पुढचा ॲक्सल जोडला जातो आणि दुसऱ्याने ‘लो’ पडतो, म्हणजे वेग सुमारे अडीचपट घटून ओढण्याची ताकद त्याच प्रमाणात वाढते. दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे डिफरन्शियल. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागत असल्याने दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी ही यंत्रणा ॲक्सलच्या मधोमध, मिस्त्री ज्याला ‘हौसिंग’ म्हणतात त्या फुगीर कवचात, बसवलेली असते. तिचा स्वभावदोष असा की ज्या चाकाला जमिनीचा विरोध कमी, त्यालाच ती अधिक फिरवते. त्यामुळे पुढचे एक आणि मागचे एक चाक हवेत किंवा निसरड्या चिखलात गेले की तीच दोन चाके गरगर फिरत राहतात आणि घट्ट जमिनीवर पाय रोवून उभी असलेली उरलेली दोन चाके स्वस्थ बसतात. ज्याच्यावर भार नाही त्यालाच फिरायला मिळावे, हा न्याय सरकारी नोकरीतून आलेल्या या गाडीने इतक्या इमानाने पाळावा यात नवल नाही. मात्र चार चाकांच्या ओढीसाठी जादा पैसे मोजलेल्या मालकाला तो ऐन ओढ्यात प्रथमच समजतो.

यावर ‘डिफ लॉक’ हा उपाय आहे. तो लावला की दोन्ही चाके एकत्र बांधली जातात आणि जमिनीवरच्या चाकालाही काम करावे लागते. जुन्या जीपमध्ये तो मागाहून बसवायचा तर हौसिंग उघडून चांगला घसघशीत खर्च करावा लागतो. अडकलेली जीप बाहेर काढण्यासाठी शेवटी ज्याला बोलवावे लागते त्या शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये मात्र हा लॉक कारखान्यातूनच दिलेला असतो, त्याचा पेडल चालवणाऱ्याच्या पायाखाली असतो आणि त्याविषयी त्या शेतकऱ्याने आयुष्यात कोणाजवळ बढाई मारलेली नसते. टोचन करण्याचा, म्हणजे दोर लावून गाडी ओढून काढण्याचा दर तो चिखलाच्या खोलीवरून नव्हे तर जीपला बसवलेल्या दिव्यांच्या संख्येवरून ठरवतो. पुढे याच ट्रॅक्टरचा क्लच आणि ओढून काढलेल्या जीपचे क्राऊन-पिनियन, म्हणजे हौसिंगमधली दंतचक्रांची जोडी, ही दोन्ही कामे एकाच मिस्त्रीकडे येतात. ट्रॅक्टरवाला तासाभरात गाडी घेऊन जातो, जीपवाला महिनाभर येत राहतो.

मिस्त्रीचे ज्ञान हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. विलीज घडणीच्या जीपचे नटबोल्ट इंची मापाचे असल्याने तेथे सुताचे पाने लागतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून अर्ध्या इंचाचा पाना चार सुती आणि त्याहून किंचित मोठा साडेचार सुती ठरतो. पुढे याच घडणीच्या सांगाड्यात प्यूजोच्या रचनेचे डिझेल इंजिन बसले आणि त्याचे बोल्ट मिलिमीटरमध्ये आले, त्यामुळे एमएम ५४० सारख्या गाडीखाली आडवा झालेला मिस्त्री हौसिंगपाशी सुतात आणि इंजिनापाशी मिलिमीटरमध्ये विचार करतो. वर्षानुवर्षे वर्गात बसूनही ज्या पोराला अपूर्णांक कळले नाहीत, तो गॅरेजमध्ये लागल्यावर काही आठवड्यांत नुसत्या बोटांनी चाचपून ‘चारचा द्या, साडेचारचा सैल पडतोय’ असे गाडीखालून ओरडतो. शिक्षणतज्ज्ञांनी या घटनेकडे अद्याप लक्ष दिलेले नाही.

युद्धकालीन जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. चाक फिरताना नट आपोआप सैल होऊ नये हा त्यामागचा हेतू होता; परंतु त्याचा प्रत्यक्ष उपयोग नव्या हेल्परची परीक्षा घेण्यासाठीच जास्त झाला आहे. उजवीकडची दोन चाके सहज खोलून आत्मविश्वास वाढलेला हेल्पर डावीकडे येतो, नट हलत नाही असे पाहून पान्याला लोखंडी पाइप जोडतो, पाइपवर उभा राहतो, आणि कडाड असा आवाज होऊन बोल्टचा अर्धा भाग त्याच्या पायाशी पडतो. पलीकडे चहा पीत बसलेल्या मिस्त्रीने हे सर्व आधीच पाहिलेले असते, पण आट्यांची दिशा तोंडाने सांगून कोणाच्या लक्षात राहत नाही अशी त्याची शिक्षणविषयक भूमिका असते. त्या बोल्टची किंमत अर्थातच गाडीमालकाच्या बिलात ‘किरकोळ’ या सदरात दिसते.

सुट्या भागांचा बाजार हा या व्यवसायाचा दुसरा आधार. पुण्यात नवा भाग नाना पेठेत शोधतात, जुना भाग जुन्या बाजारात धुंडाळतात, आणि दोन्हीकडे न मिळालेला भाग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात घडवून घेता येतो, कारण फाउंड्री आणि लेथ यांवर वाढलेल्या त्या वसाहतीत भाग कोणत्या गाडीचा, कोणत्या सालाचा असल्या चौकशा न करता ‘नमुना आणलाय का?’ एवढाच प्रश्न विचारतात. युद्धकालीन गाडी मूळ स्वरूपात उभी करण्याचा ध्यास घेतलेल्या मालकांची अडचण वेगळी असते. फोर्डने आपल्या कारखान्यात बनलेल्या जीपच्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरही, ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते. त्यामुळे भंगाराच्या ढिगात तसा बोल्ट सापडला की हा मालक नव्या चकचकीत बोल्टच्या कित्येक पट पैसे देऊन गंजका बोल्ट घरी नेतो. भंगारवाल्याने हे एकदा पाहिले की तो आपल्या ढिगातला प्रत्येक बोल्ट उलटून बघू लागतो, आणि बाजाराला कलाटणी मिळते.

गिऱ्हाइकांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वारसदारांचा: यांना वडिलांची किंवा काकांची जीप मिळालेली असते, ती विकण्याची सोय नसते कारण घरातली मंडळी विकू देत नाहीत, आणि चालवण्याचीही नसते कारण ती चालत नाही. दुसरा आठवडेकऱ्यांचा: पाच दिवस संगणकासमोर बसून शनिवारी मुळशी-मावळाच्या डोंगरात धडपडणारा हा वर्ग मिस्त्रीला सर्वांत प्रिय, कारण तो नियमितपणे काहीतरी मोडून आणतो. तिसरा वर्ग दर्शनी मालकांचा: यांच्या गाडीला विंच म्हणजे विजेवर चालणारी दोर ओढण्याची चरखी असते, छतावर फावडे बांधलेले असते, इंजिनाने पाण्याच्या वरून हवा घ्यावी म्हणून काचेच्या उंचीपर्यंत नेलेली स्नॉर्कल नावाची नळी असते, आणि गाडीने आजवर पार केलेले सर्वांत खोल पाणी गृहनिर्माण संस्थेच्या पार्किंगमधले असते. या वर्गाच्या गाडीत मोडण्यासारखे काही घडत नाही, परंतु बदलण्यासारखे पुष्कळ असते.

बदलांचे शास्त्र असे की कोणताही बदल एकटा येत नाही. मालक प्रथम फक्त मोठे टायर मागतो. मोठे टायर वळताना मडगार्डला घासतात, म्हणून गाडी उचलावी लागते. गाडी उचलली की प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंत ताकद नेणारा फिरता दांडा, तिरपा होतो. तो तिरपा झाला की त्याच्या टोकांचे सांधे, ज्यांना मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात, थरथरत लवकर झिजतात. आणि मोठ्या चाकांना फिरवण्यास इंजिन कमी पडू लागले की क्राऊन-पिनियन बदलण्याची चर्चा निघते. मध्यंतरी स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग आणि कमी अंतर दाखवू लागतो, त्यामुळे गाडीचे ॲव्हरेज कागदावर आणखी घसरते आणि मालक पंपाची तपासणी करायला सांगतो. एका टायरपासून निघालेली ही यात्रा डिझेलच्या पंपापर्यंत पोहोचते, त्यात पंपाचा काडीचाही दोष नसतो, तरी तो खोलून स्वच्छ करून बसवला जातो आणि मालकाला ‘पिकअप सुधारला’ असे जाणवते.

पावसाळ्यातला सोमवार मात्र खऱ्या बिघाडांचा असतो. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे ते हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरले तर पिस्टन त्याला दाबायला जातो आणि त्या झटापटीत कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याहून नकळत होणारे नुकसान हौसिंगमध्ये घडते: चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. मालक गाडी पुढे उभी करून ‘ओढ्यात फार पाणी नव्हतं, मिस्त्री’ असे सांगत असतो. मिस्त्री काही न बोलता खाली सरकतो, हौसिंगचा तळाचा नट सैल करून बोटभर तेल तळहातावर घेतो, काळपट मधाळ रंगाच्या जागी दुधाळ पिवळट द्रव पाहतो आणि हात मालकासमोर धरून म्हणतो, ‘साहेब, चहा झालाय.’ पाण्याच्या खोलीविषयीचा वाद तेथे मिटतो.

कायद्याची बाजूही पाहणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने पुढच्या बंपरला जोडले जाणारे लोखंडी गजही बेकायदेशीर ठरवले होते. खाजगी गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्यासाठी मोटारीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेले. परिणामी प्रत्येक जीपच्या मिस्त्रीकडे माळ्यावर एक वस्तुसंग्रहालय तयार झालेले आढळते, ज्यात गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे मूळ बंपर, मूळ दिवे आणि बारीक टायर नावांच्या चिठ्ठ्या लावून ठेवलेले असतात. पासिंगच्या तारखेला हे सर्व खाली उतरते, गाडी एका दिवसापुरती सात्त्विक होते आणि संध्याकाळी पूर्वपदावर येते. उतरवण्याची आणि चढवण्याची मजुरी स्वतंत्र लागते.

एवढे सगळे पाहिल्यावर जीपच्या मिस्त्रीने गडगंज व्हायला हवे, असा निष्कर्ष कोणीही काढील. हिशेबाची वही वेगळेच सांगते. जीपचे काम अंदाजाने ठरत नाही, कारण एक भाग खोलला की त्यामागचे तीन भाग तोंड वर काढतात. भाग वेळेवर मिळत नाहीत, त्यामुळे गाडी जागा अडवून बसते. काही मालक भाग ऑनलाइन मागवून आणतात, त्यामुळे त्यावरचा मिस्त्रीचा नफा जातो, आणि भाग चुकीचा निघाला की तो मिस्त्रीनेच घासूनपुसून बसवावा अशी अपेक्षा असते. शिवाय मालक दुरुस्तीच्या वेळी शेजारी स्टूल टाकून बसतो, प्रश्न विचारतो, फोटो काढतो, चहा मागवतो, आणि शेवटी मजुरी विचारल्यावर मिस्त्री भिडेपोटी ‘द्या तुमच्या मनाने’ म्हणतो. या तीन शब्दांनी मराठी कारागिरांचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे मंदीनेही केलेले नाही.

याउलट पिकअपचा व्यवहार. भाजी, दूध किंवा सिमेंट वाहणारी बोलेरो पिकअप रात्री दहाला दारात येते, तिचा चालक ‘पहाटे मार्केटला पोहोचायचंय’ एवढेच सांगतो, कोणताही भाग मूळ कंपनीचा की दुसरा याची चर्चा करीत नाही, फोटो काढत नाही, आणि काम संपताच खिशातून पैसे मोजून देतो. कारण गाडी उभी राहिली तर माल नासतो आणि धंदा बुडतो. गॅरेजचे भाडे, हेल्परचा पगार, पोरांच्या शाळेची फी आणि घरचा किराणा या पिकअपवर, टेम्पोवर आणि ट्रॅक्टरवर निघतो. ज्या मिस्त्रीची ख्याती पंचक्रोशीत ‘जीपवाला मिस्त्री’ अशी असते, त्याचे पोट चालवणाऱ्या गाड्यांना दोनच चाकांची ओढ असते.

मग मिस्त्री जीपचे काम सोडून का देत नाही, या प्रश्नाचे भावनिक उत्तर असे दिले जाते की त्याला जुन्या लोखंडाचा लळा लागलेला असतो. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. रात्री दहाला पिकअप घेऊन येणारा चालक रस्त्यावरच्या चार गॅरेजांपैकी याच दारात वळतो, कारण तेथे एक उघड्या सांगाड्याची, इंजिन बाहेर काढलेली जुनी जीप उभी दिसते आणि ज्याला एवढी पुरातन गाडी खोलायची हिंमत झाली त्याला आपला क्लच अवघड जाणार नाही, असा सरळ हिशेब तो करतो. दारातली अर्धवट जीप हा मिस्त्रीचा फलक आहे. त्यासाठी रंगाऱ्याला पैसे द्यावे लागत नाहीत, उलट फलकाचा मालक मधूनमधून काहीतरी देऊन जातो.

हे ध्यानात घेतले की या धंद्यातील सर्वांत बदनाम बाबीचा, म्हणजे ‘उद्या’ या मुदतीचा उलगडा होतो. ‘मिस्त्री, गाडी झाली का?’ या प्रश्नाला ‘झालीच समजा साहेब, फक्त क्रॉस यायचाय’ असे उत्तर महिनोन्‌महिने मिळते, तेव्हा मालक त्यात आळस पाहतो आणि त्याची बायको लबाडी पाहते. वस्तुतः तेथे निव्वळ व्यापारी शहाणपण असते, कारण जीप पूर्ण होऊन गेली तर दार रिकामे पडेल आणि पिकअप पुढच्या गॅरेजात वळेल. दुसरी बिघडलेली जीप दारात येईपर्यंत पहिलीचा क्रॉस बाजारात उपलब्ध होऊ शकत नाही. अनुभवी मालकांनी हे मर्म ओळखले आहे, आणि आपली गाडी लवकर हवी असेल तर मिस्त्रीच्या मागे लागण्यात वेळ न दवडता ते एखाद्या भिडस्त मित्राला जुनी जीप घ्यायला लावतात. फोर बाय फोरच्या मंडळांची सदस्यसंख्या दरवर्षी वाढते, तिचे श्रेय साहसाच्या ओढीला देण्याची पद्धत आहे; त्यात या क्रॉसचाही वाटा धरला पाहिजे.